आघाड्याले नेवता

माह्या बायकोचं अर्धंच डोस्कं दुखे. डावीकडचं. सकाळी सूर्य चढाले लागला का दुखणं बी चढे. दुपारी सूर्य डोक्यावर आला का तिले डोळे उघडता येत नसे, अन् संध्याकाळी तो वैनगंगेपल्याड बुडाला का हिचं बी उतरे. अधाशिशी म्हणतात त्याले. सुरवातीले मी तिले म्हणो, "उजवीकडचं त मोकळं हाये ना वं, त्याच्यानं भाजी टाक." ती हसे नाही. मले वाटे हिले समजलं नाही, म्हणून पुन्हा सांगो. असा मी.

मी बालाघाटात छोटी लाइनच्या, म्हणजे अरुंद रुळावरच्या गाडीच्या, स्टेशनवर सायकल रिक्षा चालवो. पाय कमी चाले, तोंड जास्त चाले. एकदा एक मास्तर अर्ध्या रस्त्यात रिक्षातून उतरला. म्हणे, "भैया, मैं पैदल ही ठीक हूँ." मी म्हटलं, काहून, सीट टोचते काय? तो म्हणे, "सीट अच्छी है." मले त्याचा अर्थ घरी येऊन जेवताना समजला, तो बी बायकोनं समजावून सांगतला तवा.

बायको घरी बिड्या वळे. पण डोस्क्यापायी तिचं सगळं काम पहाटे नाहीतर दिवा लावल्यावर. दिवसभर दरवाजा लावून, खिडकीले पोतं टांगून, डोक्याले लुगड्याची चिंधी घट्ट बांधून ती कोपऱ्यात पडून राहे. एका दिवशी मले म्हणते, "अजी, मले एकदा दुपार पाहाची हाये. दारात बसून. दुपार कशी दिसते तेच मी विसरली."

मी म्हटलं, "काही पाहासारखं नाही वं त्याच्यात. कुत्रे झोपले राहतात."

पण ते बोलणं मले लागलं. म्हणून मी इलाजाच्या मागं लागलो.

डॉक्टरच्या गोळ्यानं डोस्कं थांबे, मंग पोटात आग पडे. ती म्हणे, वरचं खाली आलं, बाकी काय झालं? सुंठ घासून कपाळाले लेप लावला, त चामडं भाजलं. नाकात गाईचं तूप सोडलं, त दोन दिवस ती जेवताना म्हणे, सगळ्या भाजीले तुपाचा वास येऊन राह्यला, अन् भाजीत तेल बी पुरतं नोतं. मंग कोणी सांगतलं, सूर्य निघाच्या आधी दूध-जिलेबी खाऊ घाल, दुखणं चढाच्या आधीच पोटात गोड पडलं पायजे. मी संध्याकाळी जिलेबी आणून फळीवर ठेवली. पहाटे पाहतो त नुसता कागद.

"मुंगळ्यायनं नेली असन," मी म्हटलं.

"मुंगळ्यायनं कागदाची घडी घालून ठेवली काय?" ती म्हणे.

मंग आमच्या गल्लीतली एक बुढी म्हणाली, लालबर्र्याच्या पुढं एका गावात एक बाबा हाये, अधाशिशीची मुळी सांगते, घेत काही नाही. आमी पहाटेच्या बसनं गेलो. बायको पूर्ण रस्ता पदरानं तोंड झाकून, अन् मी कंडक्टरले गोष्टी सांगत. बाबा अंगणात बसून चिंचा फोडून राह्यलता. म्हातारा, वाळलेला, एक कान छेदलेला. त्यानं बायकोले विचारलं कवापासून, कोणत्या बाजूनं, सूर्यासंग चढते का नाही. मंग म्हणे, "आघाड्याची मुळी. लाल दोऱ्यात गुंडाळून कानाले बांधजो."

मले हसूच आलं. "बाबा, आघाडा? हिंदीवाले चिरचिटा म्हणतात तो? तो त माह्या घराच्या मागं नालीच्या काठावर उगवते. रोज पँटीले चिकटून घरात येते."

बाबा म्हणे, "झाड येत असन. गुण बोलावल्याबिगर येत नाही."

मंग त्यानं रीत सांगतली. शनवारी दिवस बुडता झाडापाशी जाऊन हळदीचे पिवळे तांदूळ वाहाचे, जसे लग्नाच्या नेवत्याले देतात तसे. झाडाले म्हणाचं, उद्या तुले न्याले येतो, माह्या घरी चाल. इतवारी सूर्य निघाच्या आधी जाऊन मुळासकट उपटाचं अन् कानाले बांधेपर्यंत तोंडातून शब्द काढाचा नाही. कोणी काही बोलो, हुंकार बी द्याचा नाही. बोललं का गुण तिथंच पडते, मंग पुढचा इतवार.

"घरचं कोणीबी आणो," बाबा म्हणे.

मी छाती ठोकून म्हटलं, "मी आणतो."

बायकोनं पदर बाजूले करून माह्याकडं पाह्यलं. त्या उजेडात तिले डोळे उघडताना केवढं दुखलं असन, पण पाह्यलं. बाबा अजून काही सांगून राह्यलता. पण मले तवाच स्टेशनवरच्या एका बकरीचा किस्सा आठवला, जी बिगर तिकीट गोंदियापर्यंत गेलती, अन् मी तो त्याले सांगाले बसलो. बायको ऐकत होती. बाबाचं, माह्यं नाही.

पहिल्या शनवारी नालीवर गेलो. एक चांगला कमरेएवढा आघाडा निवडला, तांदूळ वाह्यले. नेवता द्याचा त नीट द्याचा म्हणून म्हटलं, "उद्या सकाळी न्याले येतो. सहकुटुंब सहपरिवार येजो, आहेर आणू नको, जेवणाले उशीर झाला त रागवू नको." भिंतीच्या पल्याडून शेजारची भाभी पाहत होती. तिनं आपल्या पोट्ट्यायले घरात बोलावून कडी लावली.

सकाळी गेलो त तांदूळ कोंबडीनं खाल्ले अन् झाड बकरीनं. खाली बोटभर दांडा उभा होता. नेवता दिला एकाले, पंगतीले बसली दुसरी. हे मी मोठ्यानं म्हटलं, म्हणजे तोंड बी उघडलंच. घरी आलो त बायको दोरा घेऊन बसली होती. मी बकरीचं सांगतलं. ती म्हणे, "तुमाले बकऱ्याच काहून भेटतात?"

दुसऱ्या शनवारी मी दूरचं झाड पाह्यलं, रुळाच्या कडंले, जिथं बकऱ्या येत नाही. या वेळी नेवता बी साधा दिला. इतवारी पहाटे उपटलं, मुळी मुठीत धरली, मूठ चादरीत लपवली अन् निघालो. रस्ता स्टेशनवरून. चहाच्या टपरीवर माह्याच जोडीचे रिक्षावाले बसले होते.

"काय बे, आज एवढ्या पहाटे?"

मी मान हलवली.

"अबे, बोल ना."

मी हात हलवला. तवा मले वाटलं, मी चूप हावो अन् हे माह्याकडं असे पाहून राह्यले, आता हसू येते. हसू दाबाले मी ओठ एका बाजूले दाबून धरले. तेच चुकलं.

माह्या बाजूले रिक्षा लावणारा माहा खास दोस्त उठला. "याचं तोंड वाकडं झालं बे! याले लकवा मारला!"

मी मान जोरजोरात हलवली. तो म्हणे, "पाहा, मान बी थरथर कराले लागली."

घरी नेलं असतं त बरं झालं असतं, पण त्यायनं मले टपरीच्या बाकड्यावर झोपवलं अन् सगळे वैद्य झाले. एक म्हणे एरंडीचं तेल गरम करून चोळा. दुसरा म्हणे लसूण ठेचून जिभेवर ठेवा. तिसरा म्हणे त्याच्या मामाले जंगली कबुतरानं बरं केलं होतं, म्हणजे कबुतराचं काय केलं होतं ते त्याले ठाऊक नोतं, पण कबुतर पायजे. चायवाला म्हणे, "चप्पल सुंघाओ, चप्पल."

"अबे, ते मिरगीचं हाये."

"तो नुकसान क्या है?"

अन् माह्या खास दोस्तानं आपली चप्पल काढून माह्या नाकाले लावली. तो पावसाळाभर नालीतून चालणारा माणूस. मी सहन केलं. खरं सांगतो, मी बायकोची दुपार आठवून सहन केलं. पण त्यानं दुसऱ्या पायाची बी काढली. तवा मी जे बोललो ते इथं सांगता येत नाही. टपरीवर सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या, म्हणे वाचा परत आली.

घरी आलो तवा ऊन पडलं होतं. बायकोनं दरवाजा बोटभर उघडला.

"बोलले?"

"चप्पल हुंगवली वं त्यायनं मले."

 हातातला लाल दोरा तिनं रिळाले पुन्हा गुंडाळला, एकेक वेढा सरळ करत, अन् दरवाजा लावून घेतला.

आता कोणता बी शहाणा माणूस पुढच्या इतवारपर्यंत चूप राह्यला असता. मी काय केलं? हप्ताभर सगळ्यायले सांगतलं. रिक्षात बसणाऱ्यायले, टपरीवाल्यायले, नळावरच्या बायायले, भाजीवालीले. म्हटलं, इतवारी मी तोंड उघडणार नाही, माह्याशी कोणी बोलू नका, बायकोच्या जिवाचा प्रश्न हाये. माह्या मनात, गावाले ठाऊक असलं त लकव्याचं तरी कोणी काढणार नाही. तेवढं बरोबर होतं.

इतवारी मुळी घेऊन गल्लीत आलो, अन् काय सांगू. नळावर भांडे घासणारी बाई मले पाहून थांबली, घासाले घेतलेला गंज तिनं असा खाली ठेवला का आवाज नाही. शेजारच्या भाभीनं पोट्ट्यायच्या तोंडावर हात ठेवले. एका बुढ्यानं रेडिओ बंद केला. माहा तो खास दोस्त एवढ्या दुरून आलता, अन् कोपऱ्यावर गल्लीतल्या कुत्र्याचं थोबाड दोन्ही हातानं धरून बसला होता. जो तो भिंतीले चिकटून, हात जोडून उभा. मी मधातून चालून राह्यलो. माह्या पायाचा आवाज मले येत होता.

मले आयुष्यात कोणी असं चूप राहून ऐकलं नोतं. अन् माह्यापाशी बोलाले काही नोतं.  घराचं दार समोर, दाराच्या फटीत तिचा डोळा, अन् माह्या तोंडातून निघालं:

"काय बाप्पा, मेलं काय कोणी?"

पूर्ण गल्ली "अरारारा" करून ओरडली. दोस्तानं कुत्रं सोडलं, ते बी भुंकलं. कोणी हसलं बी. अन् मी, मी बी हसलो. हसणं आलं म्हणून नाही. गल्ली हसली का माह्यं तोंड आपोआप हसते, त्याले सवय हाये.

आतमधी गेलो त ती अंधारात बसली होती. म्हणे, "तुमाले माह्या डोस्क्यापेक्षा त्यायचं हसणं जास्त लागते."

"तसं नाही वं."

"मंग कसं? दार हात लावाएवढं दूर होतं."

मी म्हटलं, "पुढच्या इतवारी तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा भरून जातो." ते मी खरंच म्हटलं होतं, इलाज म्हणून. पण माह्या तोंडातून खरं बी निघालं त ते जोकसारखंच निघते. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

त्या दिवशी मले जेवढा राग आला तेवढा कधी आला नाही. दुसऱ्या कोणाचं तोंड असतं त दोन ठेवून दिल्या असत्या. माह्यंच होतं. त्यालेच खाऊ घालाचं, त्यालेच पाणी पाजाचं, अन् ऐन वेळेवर त्यानंच दगा द्याचा. स्टेशनवर दिवसभर मी कोणाशी बोललो नाही. संध्याकाळपर्यंत चूप. जवा काही फायदा नोता तवा मस्त चूप राहता आलं.

पुढच्या शनवारी मी रात्रीची गाडी निघेपर्यंत स्टेशनवरच होतो. इतवारी डोळा उघडला, पाहतो त बायको चुलीपाशी बसली. डाव्या कानाले लाल दोरा, त्याच्यात मुळी. पदराले आघाड्याचे कुसळं चिकटले होते.

"तू गेलती? कवा? कोणी काही बोललं नाही?"

नळावरची बाई मले मंग सांगत होती, तिले जाताना बी पाह्यलं अन् येताना बी. म्हणे, "तुमची बायको कधी कोणाशी बोलते काय, आमी काय विचाराचं?" माह्या घरातच एक माणूस चूप राहण्यात पक्कं होतं अन् मी छाती ठोकून आलतो.

मी विचारलं, "कमी वाटते काय?"

ती म्हणे, "पाणी तापलं, आंघोळ करा."

दुपारी घरी आलो, पुन्हा विचारलं. म्हणे, "भात वाढू काय?" सोमवारी विचारलं, त म्हणे रिक्षाची चेन आवाज करून राह्यली. मंगळवारी मी दिवसभर रिक्षा ओढताना तेच घोकत होतो, कमी झालं का नाही झालं, कमी झालं का नाही झालं. घरी येऊन म्हटलं, "अवं, हौ का नाही, एवढंच सांग." तिनं माह्याकडं पाह्यलं अन् बिडीचं पान कापाले लागली. मुळी वाळली, एका दिवशी गळून पडली, तिनं उचलून तुळशीत टाकली, तरी काही सांगे नाही. मले वाटलं, राग धरला. माह्यावर राग धराचा त धर, पण डोस्क्याचं त सांग.

शेवटी मी एकटाच बसनं बाबाकडं गेलो. तो तसाच अंगणात, या वेळी मोहाचे फुलं वाळवून राह्यलता.

"बाबा, बायको काही सांगतच नाही. मले येड लागाची पाळी आली."

बाबा म्हणे, "सांगन कशी? मी तुमाले सांगतलं होतं ना, गुण आला त बोलाचं नाही. तोंडानं म्हटलं का गुण जाते. विचाराचं बी नाही."

"कवा सांगतलं?"

"तू मले बकरी गोंदियाले पाठवून राह्यलता तवा."

 मंग माह्या डोक्यात आलं. म्हटलं, "बाबा, पण मंग तुमाले कसं समजते? कोणाले गुण आला, कोणाले नाही?"

बाबानं फुलं पालथे घातले. "नाही समजत."

"एकानंबी नाही सांगतलं?"

"ज्याले येते तो सांगत नाही. ज्याले येत नाही तो शिव्या द्याले येते." त्यानं एक फूल फुंकून बाजूले ठेवलं. "मले जन्मभर शिव्याच भेटल्या, बापा. तू बी त्याच्यासाठीच आला असशीन म्हणून मी उठलो नाही."

"मी कशाले शिव्या देऊ? मले काही ठाऊकच नाही."

"मंग बस," तो म्हणे. "दोघं बसू." अन् त्यानं मूठभर चिंचा माह्यासमोर ठेवल्या. त्या बी आंबट.

परतीच्या बसनं ऐन दुपारी बालाघाटात उतरलो. गल्लीत ऊन असं का पाय भाजत होते, कुत्रे झोपले होते. अन् आमचं दार उघडं. उंबरठ्यावर बायको बसली, मांडीवर सूप, सुपात पानं अन् तंबाखू. डोक्याले चिंधी नाही. ती बिडी वळता वळता थांबून समोर पाहत होती. डोळे बारीक केले होते, आता ते उन्हानं का दुखण्यानं, ते मले दुरून समजेना. जवळून बी समजलं नाही.

प्रश्न माह्या दातापर्यंत आला. मी तो गिळला. घशात कुसळासारखा अडकला.

ती म्हणे, "बकरी भेटली काय कुठं?"

मी मान हलवून नाही म्हटलं. ती बाजूले सरकली, मी उंबरठ्यावर बसलो.

तिथंच थांबलो असतो त चांगला माणूस झालो असतो. पण दुसऱ्या दिवशी टपरीवर दोस्तानं विचारलं, "वहिनीचं डोस्कं कसं हाये बे?" अन् मी म्हटलं, "फस्ट किलास! मुळीनं कमाल केली!" सगळ्यायले चहा पाजला. दुपारी घरी आलो त दार बंद. खिडकीले पोतं. आतून आवाज आला, "बोलले ना तुमी?"

तिले कोणी सांगतलं, का तिनं आपल्या डोस्क्यावरून ओळखलं, हे मी आजपर्यंत विचारलं नाही. दार मंग काही दिवसानं उघडलं. अजून बी मधीच कवातरी बंद राहते. उन्हाळा जास्त झाला म्हणून, झोप नाही झाली म्हणून, का मी झोपेत काही बडबडलो म्हणून, मले ठाऊक नाही. बंद दार पाह्यलं का मी पहिले आठवतो, काल कोणाशी काय बोललो.

आता टपरीवर कोणी वहिनीचं विचारलं का मी छोटी लाइनची गाडी किती उशिरा हाये ते सांगतो. दोस्त म्हणते, "तुले तिचं काही पडलंच नाही बे." मी चहा पितो. एकदा त तो चिडला, म्हणे, तुह्या तोंडाले खरंच लकवा मारला काय, अन् पायातल्या चपलेले हात घातला. मी नाक पुढं केलं.